तीन तारे दिसल्यावर: इस्रायलमधल्या प्राचीन जागा रात्री कशा पाहाव्यात

इस्रायलला पहिल्यांदा जाणारा माणूस दिवसांचा हिशेब करतो. दोन दिवस जेरुसलेम, एक दिवस मृत समुद्र, एक दिवस गॅलिली. मीही तसाच केला होता. पण ज्यू पंचांगात दिवस संध्याकाळी सुरू होतो. सूर्य मावळला की तारीख बदलते. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. तो शनिवारसुद्धा शुक्रवारच्या दिवेलागणीलाच सुरू व्हायचा.

म्हणून माझं सांगणं असं, की या देशाचा बेत संध्याकाळपासून आखा. उन्हाळ्यात दुपारी वाळवंटातले अवशेष पाहणं म्हणजे अंगाची लाही करून घेणं. रात्री तीच जागा निवते, गर्दी ओसरते आणि दगडांचे आकार डोळ्यांत भरतात. तयारी मात्र वेगळी लागते.

आधी तिथी पाहा, मग तिकीट काढा

ही पायरी मी सर्वांत वर ठेवतो, कारण मी ती गाळली होती. पहिल्या खेपेला मी पेसाख या ज्यू सणाच्या आठवड्यात नेगेवच्या वाळवंटात गेलो. कडे दुधात न्हाल्यासारखे दिसले, फार सुंदर. पण ज्यासाठी गेलो होतो ती आकाशगंगा दिसलीच नाही. पौर्णिमा होती.

हे टाळणं मराठी माणसाला सोपं आहे. ज्यू महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो आणि पंधराव्या दिवशी पौर्णिमा येते. पेसाख आणि सुक्कोत हे दोन मोठे सण बरोबर पंधराव्या दिवशी लागतात. त्यामुळे पेसाख बहुतेक वर्षी आपल्या हनुमान जयंतीच्या आसपास येतो आणि सुक्कोत कोजागिरीला किंवा भाद्रपद पौर्णिमेला. २०२५ मध्ये कोजागिरी आणि सुक्कोतची पहिली रात्र एकच होती, ६ ऑक्टोबर. या दोन्ही आठवड्यांत चांदणं भरपूर, सुट्ट्यांमुळे गर्दीही भरपूर आणि राहण्याचे दर चढे. जुन्या शहरांतून भटकायचं असेल तर हे दिवस उत्तम. तारे पाहायचे असतील तर नकोत.

ताऱ्यांसाठी कृष्ण दशमीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या रात्री धरा. तेवढं जमत नसेल तर संकष्टी आठवा. चंद्रोदयाची वाट पाहत उपास सोडणाऱ्या घरात वाढलेल्याला ठाऊक असतं, की चतुर्थीचा चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि त्यानंतर रोज आणखी उशीर करतो. तेवढे तास अंधार आपला. कॅलेंडरवरची तिथी तिथेही साधारण तीच असते, चंद्रोदयाची वेळ मात्र तिथल्या गावाची पाहा. हनुक्का या दिव्यांच्या ज्यू सणाचे आठ दिवस अमावास्येला धरून येतात, बहुधा डिसेंबरात. आकाश काळंभोर असतं, थंडीही कडक असते. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, अमावास्या सरताना लागतं. पुष्कळदा आपली घटस्थापना त्याच सुमारास असते. तिथून दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी सगळा देश बंद असतो, रस्त्यावर गाड्याही नसतात. तेव्हा प्रवास ठेवूच नका.

परिस्थिती, बंद होण्याच्या वेळा, वाहन

ऑक्टोबर २०२३ पासून तिथली सुरक्षेची परिस्थिती झपाट्याने बदलत आली आहे. जाण्याआधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा, विम्यात युद्धजन्य परिस्थिती धरली आहे का ते बघा आणि तिथे उतरल्यावर होम फ्रंट कमांडचं, म्हणजे तिथल्या लष्कराच्या नागरी संरक्षण विभागाचं, अॅप फोनवर घ्या. मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर पहिला प्रश्न विचारा, ‘मिक्लात कुठे आहे?’ मिक्लात म्हणजे सार्वजनिक आसरा, आणि घरातली किंवा हॉटेलातली सुरक्षित खोली म्हणजे ममाद. सीमेजवळच्या भागांत आणि गोलानच्या माळावर रात्री भटकू नका. तिथे आणि जॉर्डनच्या सीमेलगतच्या अरावा खोऱ्यात जुने सुरुंग आहेत. कुंपणावर पिवळी-लाल पाटी दिसली की मागे फिरा.

राष्ट्रीय उद्यानं, म्हणजे बहुतेक प्राचीन अवशेष, उन्हाळ्यात साधारण पाच वाजता आणि हिवाळ्यात चार वाजता बंद होतात. शुक्रवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी तासभर आधीच. डिसेंबरच्या सुरुवातीला जेरुसलेममध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीला पावणेआठनंतर. म्हणजे उन्हाळ्यात दार बंद होणं आणि अंधार पडणं यांत दोन-तीन तासांचं अंतर राहतं. त्यात जेवून, थोडं झोपून घ्या.

सार्वजनिक बस आणि रेल्वे शुक्रवारी दुपारनंतर थांबतात आणि शनिवारी रात्री सुरू होतात. गाडी भाड्याने घेणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याला डावीकडची सवय, त्यात अंधार, त्यात नेगेवमध्ये रस्त्यावर येणारे उंट. पहिल्या रात्री वाळवंटात गाडी हाकूच नका. दिवसा पोचा, गाडी लावा आणि पायी फिरा.

पहिली रात्र: जेरुसलेम

नवख्याने सुरुवात इथून करावी. दिवे आहेत, माणसं आहेत, वाट चुकली तर विचारता येतं. जुनं शहर पूर्व जेरुसलेममध्ये आहे, त्याच्या राजकीय दर्जाबद्दल वाद आहे आणि तणाव वाढला की काही वाटा अचानक बंद होतात. म्हणून हॉटेलात विचारूनच निघा.

याफा दरवाजापाशी सूर्यास्ताला उभे राहा. समोरची तटबंदी सुलेमान सुलतानाने १५३७ ते १५४१ या काळात बांधून घेतली. उजव्या हाताच्या किल्ल्याला ‘दाविदाचा बुरूज’ म्हणतात. बायबलमधल्या दाविद राजाशी त्याचा संबंध नाही. तळाचे मोठे चिरे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेरोद या ज्यू राजाच्या काळातले. याच किल्ल्याच्या भिंतींवर रात्री चित्रप्रकाशाचा खेळ होतो. दगडाच्या खडबडीत अंगावर शहराचा इतिहास सरकत जातो आणि तो समजायला भाषेची गरज पडत नाही. तिकीट आधी काढा. बसणं उघड्यावर असतं आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे, तेव्हा जूनमध्येही स्वेटर न्या.

तिथून खाली उतरत पवित्र कबरीच्या चर्चकडे जा; येशूची कबर इथे होती असं मानतात. दार बंद होण्याआधी अर्धा तास पोचा; वेळ ऋतूप्रमाणे बदलते. या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथांचा वाटा आहे, पण किल्ली शतकानुशतकं एका मुसलमान कुटुंबाकडे आणि दार उघडण्या-लावण्याचा मान दुसऱ्या मुसलमान कुटुंबाकडे आहे. रात्री द्वारपाल शिडीवर चढून वरचं कुलूप लावतो, मग ती शिडी दारातल्या छोट्या झरोक्यातून आत सरकवली जाते. आतले साधू ती ठेवून घेतात. सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं आणि अंगणात एकदम शांतता पसरते. जेरुसलेममधली रात्रीची एकच गोष्ट पाहायची झाली तर मी ही पाहीन. आत रात्रभर थांबून प्रार्थना करायलाही थोड्या लोकांना परवानगी मिळते. त्यासाठी तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंना आधी विचारावं लागतं.

पश्चिम भिंत, ज्यूंचं पवित्र प्रार्थनास्थळ, चोवीस तास उघडी असते. पुरुषांनी डोकं झाकायचं, स्त्रियांची बाजू वेगळी, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शब्बाथला फोटो काढायचा नाही, वहीत काही टिपायचंही नाही. योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत मध्यरात्रीनंतर इथे ‘स्लिखोत’, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना होतात. तेव्हा आबालवृद्धांनी पटांगण भरून जातं. भिंतीलगतच्या भुयारांत रात्रीही फेरी असते, नोंदणी मात्र कितीतरी दिवस आधी संपते.

पायात रबरी तळाचे बूट घाला. त्या गल्ल्यांतला दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाला आहे, दव पडलं की घसरतो.

उत्तरेकडच्या तीन जागा

सीझरियात, म्हणजे हेरोदच्या बंदरात, रोमन नाट्यगृह आजही उन्हाळ्यातल्या रात्री गाण्याच्या कार्यक्रमांसाठी वापरतात. दोन हजार वर्षांच्या पायऱ्यांवर बसून ऐकायचं असेल तर कार्यक्रम आधी शोधा आणि प्रवासाची तारीख त्यावरून ठरवा. तिकिटाशिवाय हवं असेल तर उत्तरेच्या किनाऱ्यावरचा जलसेतू पाहा. वाळूत उभ्या कमानी आणि पलीकडे समुद्र. शुक्ल पक्षातली संध्याकाळ निवडा.

बेत शेआन उन्हाळ्यात दिवसा भाजून काढतं. १८ जानेवारी ७४९ च्या भूकंपात हे शहर कोसळलं आणि काही खांब पडले तसेच उत्खननात सापडले. ठरावीक हंगामात इथे रात्रीची प्रकाशफेरी असते. ती चालू आहे का, हे उद्यानाकडे विचारूनच जा, कारण नुसतं जाऊन दार उघडं मिळत नाही.

अक्कोला वेगळा बेत लागत नाही. ते जुनं बंदर जिवंत गाव आहे. मासे खा, समुद्राच्या तटावरून चाला. सुक्कोतमध्ये क्रुसेडरांच्या, म्हणजे मध्ययुगात युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, दालनांत नाट्यमहोत्सव होतो.

मसादा: पहाटेची चढण

मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीच्या चारशे तीस मीटरहून खाली आहे आणि मसादा या डोंगरी किल्ल्याचा माथा त्या पाण्यापासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. म्हणजे एवढा चढून गेलात तरी तुम्ही जगाच्या समुद्रपातळीच्या आसपासच असता. हेरोदने इथे महाल बांधले. पुढे इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये रोमन फौजेने वेढा घालून हा किल्ला घेतला. आत ९६० माणसांनी शरण जाण्यापेक्षा मरण पत्करलं आणि दोन बायका व पाच मुलं वाचली, असं इतिहासकार जोसेफस सांगतो. ते अगदी तसंच घडलं का, यावर पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत. रोमनांच्या छावण्या आणि वेढ्याची भिंत मात्र खाली आजही दिसते.

वर जायच्या दोन वाटा आहेत आणि नवखे इथेच फसतात. पूर्वेची ‘सर्पवाट’ मृत समुद्राकडून चढते. नागमोडी, सुमारे दोन किलोमीटर, पाऊण ते एक तासाची. पश्चिमेची वाट रोमनांनी रचलेल्या मातीच्या उतारावरून जाते आणि वीस मिनिटांत माथ्यावर पोचवते, पण तिथे अराद गावाकडून यावं लागतं. दोन्ही बाजूंना जोडणारा रस्ता नाही. एका बाजूला मुक्काम आणि दुसऱ्या बाजूचं तिकीट असं झालं तर पहाटे तासाभराहून मोठा वळसा पडेल आणि सूर्योदय गाडीतच होईल. किल्ल्याच्या कड्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो तोही पश्चिमेच्या बाजूला, अरादकडून, ठरावीक हंगामात.

सूर्योदयासाठी चढणाऱ्यांना साधारण तासभर आधी सोडतात. रोपवे तेव्हा चालू नसतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी, डोक्याला बांधायचा दिवा आणि टोपी घ्या. टोपी उतरताना लागते. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्याला ही चढण अवघड नाही, पण आपल्याकडे झाड असतं, सावली असते. इथे एक झुडूपही नाही. कडक उन्हाळ्यात सर्पवाट दिवसा बंद ठेवतात, तेव्हा उतरायला उशीर करू नका. वर पोचलात की पूर्वेच्या तटावर थांबा. जॉर्डनमधल्या मवाबच्या डोंगरांमागून सूर्य येतो. मग पाठ फिरवून खाली बघा. तिरप्या उजेडात रोमन छावण्यांचे चौकोन अशा ठळक रेषांनी उमटतात की अर्ध्या तासाने ते पुन्हा तसे दिसत नाहीत.

खाली मृत समुद्राच्या काठावर मात्र अंधारात उतरू नका. पाणी हटल्यामुळे तिथली जमीन हजारो ठिकाणी अचानक खचून खड्डे पडले आहेत. अधिकृत किनारा सोडून पाऊल टाकायचं नाही.

मिट्झ्पे रामोन: खरा अंधार

वेळ कमी असेल तर बाकी सगळं वगळा आणि इथे दोन रात्री द्या.

नेगेवमधलं हे गाव उभं आहे ते मख्तेश रामोनच्या काठावर. मख्तेश म्हणजे हिब्रूत उखळ किंवा खल. सुमारे चाळीस किलोमीटर लांब, कुठे दोन तर कुठे दहा किलोमीटर रुंद आणि पाचशे मीटर खोल. पाहिल्याबरोबर आपल्याला लोणार आठवतं, पण लोणार उल्कापाताने झालं आणि हे उखळ पाण्याने कोरलं. वरचा चुनखडीचा कठीण थर झिजून फुटला, खालचा मऊ वालुकाश्म उघडा पडला आणि पाण्याने तो एकाच ओढ्याच्या तोंडातून बाहेर वाहून नेला. राहिला तो चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेला हा खळगा. २०१७ मध्ये याला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. मध्यपूर्वेतलं हे पहिलंच.

इथली रात्र अशी घ्या. सूर्यास्ताआधी तासभर काठावरच्या पायवाटेवर जा. डोंगरी बोकड, त्यांना तिथे ‘याएल’ म्हणतात, गावातूनच फिरत असतात. त्यांना खायला घालू नका. उजेड असतानाच बसायची जागा पक्की करा, कारण कठडा सगळीकडे नाही आणि कडा सरळसोट आहे. अंधारात काठाने चालायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका. सूर्य गेला की लगेच उठू नका. समोरचा खळगा तांबूस, मग जांभळा, मग राखाडी होत जातो आणि पूर्वेकडून पृथ्वीची निळसर सावली वर चढते.

मग मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिलं की ती मेहनत वाया जाते. विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद लावून न्या. गावाचे दिवे त्रास देतात, म्हणून स्थानिक वाटाड्याबरोबर आकाशदर्शनाची फेरी घ्या किंवा उखळाच्या पोटातल्या बेएरोत या अधिकृत तळावर मुक्काम करा. दुर्बिणीपेक्षा आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा.

काय बघाल? ध्रुव. मुंबईत तो क्षितिजापासून एकोणीस अंशांवर, इमारतींमागे लपलेला असतो. इथे साडेतीस अंशांवर, ठळक. उलट अगस्त्य. आपल्याकडे हिवाळ्यात तो दक्षिणेला अठरा अंशांपर्यंत वर येतो. इथे जेमतेम सहा-सात अंश. मृगाच्या मागून येणारा व्याध माथ्याच्या दिशेने सर्वांत उंच पोचायच्या थोडं आधी दक्षिणेच्या क्षितिजालगत पाहा. अगस्त्य पलीकडच्या कड्यांवर ठेवलेल्या पणतीसारखा दिसतो आणि लवकरच मावळतो. आपण घरापासून किती उत्तरेला आलो, हे मला विमानापेक्षा या एका ताऱ्याने जास्त कळवलं. उन्हाळ्यात वृश्चिकाची नांगी, तिच्या शेजारी धनू आणि तिथून उसळणारा आकाशगंगेचा दाट पट्टा. १२-१३ ऑगस्टच्या रात्री ययातीच्या उल्का पडतात आणि देशभरातून माणसं इथे येतात. २०२६ मध्ये १२ ऑगस्टला अमावास्या आहे. शांतता हवी असेल तर १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्का पाहा, पण मग रात्रीचं तापमान शून्याजवळ जातं हे धरून पांघरुणं न्या. या भागात दव दाट पडतं. कॅमेऱ्याच्या भिंगाला मऊ कापड आणि अंगाखाली जाड चटई लागतेच.

विंचू रात्री बाहेर पडतात. पिवळा विंचू फार विषारी. अतिनील विजेरीच्या उजेडात तो हिरवट चमकतो, त्यामुळे बसण्याआधी जागा तपासायला ती विजेरी कामाची. फुरशाचा एक भाऊबंदही या वाळवंटात आहे. दगड उचलू नका, बूट झटकल्याशिवाय घालू नका. मदतीसाठी रुग्णवाहिका १०१, पोलीस १००.

वाटेचे नियम

राखीव निसर्गक्षेत्रांतल्या पायवाटांवर अंधारात चालायला सहसा बंदी आहे. मुक्काम ‘खन्योन लायला’ असं लिहिलेल्या ठरावीक तळांवरच करायचा. नेगेवचा बराच भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा आहे, तेव्हा नकाशात दिसली म्हणून कुठलीही वाट धरू नका. ऑक्टोबर ते मे या काळात कोरड्या ओढ्यात कधीही झोपू नका. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि डोक्यावर चांदणं असताना लोंढा येतो. एप्रिल २०१८ मध्ये त्झाफित ओढ्याच्या पुरात भरदिवसा दहा तरुण जीव गेले.

उत्तरेकडे परतताना वाटेवर अवदात लागतं. ऊद-लोबानाच्या व्यापारी मार्गावरचं, नबाती या प्राचीन अरब व्यापाऱ्यांचं हे नगर रात्री बंद असतं, पण दार लागायच्या आधीच्या तासात त्याच्या कमानी सोनेरी होतात. त्याच मार्गावरच्या मामशित या दुसऱ्या नगराजवळ मुक्कामाची सोय आहे. तिथून काही किलोमीटरवर दिमोना. कोकणातून गेलेली बरीच बेने इस्रायल कुटुंबं इथे स्थिरावली आणि जुन्या पिढीच्या तोंडी अजून मराठी आहे. दुकानात किंवा बसथांब्यावर सहज ‘नमस्कार’ म्हणून पाहा.

शनिवार मिट्झ्पे रामोनमध्ये घालवणार असाल तर शुक्रवारी दुपारीच भाजी, पाव, दूध घेऊन ठेवा आणि परतीची घाई करू नका. शनिवारी संध्याकाळी सामान बांधून काठावर बसा आणि आकाश पाहत राहा. पहिला तारा दिसेल, मग दुसरा. तिसरा दिसला की शब्बाथ सुटला. गावात दुकानांचे दिवे लागू लागतात, आणि बेर शेवा या मोठ्या शहराकडे जाणारी बस त्यानंतर मिळते.